भागीरथीची दरी : भूगोल व इतिहास यांचा एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवी, तासिका तीन)

पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात तांब्याचा एक लहानसा गडू असतो. त्याच्या तोंडाला डाख दिलेला असतो. घरातील कोणी वडीलधारे माणूस यात्रेहून परत आले, त्या वेळी तो गडू घरात आला व मावंदे झाल्यावर देव्हाऱ्यात विराजमान झाला, एवढे मुलांना ऐकून ठाऊक असते. त्या गडूतील पाणी कोठले, असे विचारल्यास मुले एका सुरात 'गंगेचे' असे उत्तर देतात. गंगेत ते कोठून आले, असे विचारल्यास 'हिमालयातून' असे सांगतात. आणि वर्गातील संभाषण बहुधा येथेच थांबते. वस्तुतः भूगोलाच्या पाठाला खरी सुरुवात येथून व्हावयास हवी. हिमालयातून म्हणजे नेमके कोठून? ती जागा कशी आहे? ती तशी का झाली? तेथे माणसे कशी राहतात? हे प्रश्न क्रमाने पुढे आले, म्हणजे घरातील एक ओळखीची वस्तू मुलांना एका मोठ्या दरीपर्यंत घेऊन जाते.

पाठाचा हेतू

या पाठाचे हेतू तीन आहेत. नदीने कोरलेली दरी व हिमनदीने कोरलेली दरी यांतील फरक मुलांना कळावा, हा पहिला. अशा दरीत माणसांनी वस्ती कोठे केली व का केली, हे त्यांना समजावे, हा दुसरा. तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा आहे. पायाखालची सपाट जमीन कोणी तयार केली, हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागावी. हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. तो न विचारल्यामुळे माणसांना केवढी किंमत द्यावी लागते, हे पाठाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

पूर्वज्ञान

सह्याद्रीतून निघणाऱ्या एखाद्या नदीचे किंवा गावच्या ओढ्याचे उदाहरण घेऊन पाठास आरंभ करावा. पावसाचे पाणी उतारावरून धावते. ते आपल्याबरोबर वाळू व गोटे नेते. त्या वाळू-गोट्यांनी तळाचा खडक झिजतो. नदी आपला तळ खोल करीत जाते, आणि दोन्ही काठांचा उतार पाऊस, ऊन व वारा यांनी झिजून तिच्याकडे ढासळत येतो. त्यामुळे डोंगरातील नदीची दरी वर रुंद व तळाशी चिंचोळी होते. दोन्ही हातांची मनगटे जुळवून पंजे एकमेकांपासून दूर केले, म्हणजे जो आकार होतो, तो या दरीचा आकार होय. मुलांनी तो स्वतःच्या हातांनी करून पाहावा. पुस्तकांतून या आकारास इंग्रजी 'व्ही' अक्षराची उपमा देतात.

यानंतर मुलांना गोठ्यातील गव्हाणीची आठवण करून द्यावी. गव्हाणीचा तळ रुंद असतो व तिच्या बाजू जवळजवळ उभ्या असतात. हिमनदीने कोरलेल्या दरीचा आकार असा गव्हाणीसारखा असतो. इंग्रजी 'यू' अक्षराची उपमा याच आकारास देतात. एकीची दरी हाताच्या ओंजळीसारखी व दुसरीची गव्हाणीसारखी का व्हावी, हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा व त्याचे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

हिमनदीचे कार्य

अतिशय उंच पर्वतावर एका हिवाळ्यात पडलेला हिम पुढच्या उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. त्यावर दुसऱ्या वर्षीचा हिम साचतो, त्यावर तिसऱ्या वर्षीचा. अशा रीतीने थरावर थर चढून खालचा भुसभुशीत हिम दडपला जातो व त्याचा घट्ट बर्फ बनतो. या बर्फाची जाडी पुरेशी वाढली, म्हणजे तो आपल्याच भाराने उतारावरून अत्यंत मंद गतीने सरकू लागतो. यालाच हिमनदी म्हणतात. तिचे सरकणे डोळ्यांना दिसत नाही. परंतु ती थांबतही नाही.

पाण्याची नदी दरीच्या केवळ तळाशी वाहते, म्हणून ती तळ कोरते. हिमनदी मात्र दरी काठोकाठ भरून सरकते, म्हणून ती तळाबरोबर दोन्ही बाजूही घासते. नुसता बर्फ खडकाला फारसे घासू शकत नाही. त्याच्या पोटात गोठून बसलेले दगडधोंडे हे काम करतात. सुताराची कानस लाकडावर जे काम करते, तेच काम दगडांनी भरलेला हा बर्फ खडकावर करतो. शिवाय खडकांच्या भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते, खडक फुटतात व त्यांचे तुकडे बर्फाबरोबर उपटून निघतात. हा सर्व राडा हिमनदी आपल्या काठांवर व तोंडाशी टाकून देते. त्या ढिगांना हिमोढ असे नाव आहे. नदीने वाहून आणलेले गोटे गुळगुळीत असतात व त्यांची लहानमोठी निवड झालेली असते. हिमोढात घराएवढा धोंडा व पिठासारखी माती एकत्र असतात. त्यांतील दगड कोनदार असतात व ढीग सैल असतो. हा शेवटचा गुण मुलांनी नीट लक्षात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

प्रयोग पहिला : तालुक्याच्या गावाहून किंवा बाजाराच्या दिवशी बर्फाच्या गाडीवरून दोन तुकडे आणावेत. एका तुकड्याच्या खालच्या बाजूस जाड वाळू व बारीक खडे दाबून बसवावेत. दुसरा तसाच ठेवावा. ओल्या चिकणमातीची सपाट पाटी करून तिच्यावरून आधी कोरा तुकडा व मग खडे असलेला तुकडा एकाच दिशेने दाबून ओढावा. पहिल्याने माती केवळ गुळगुळीत होते. दुसऱ्याने तिच्यावर समांतर ओरखडे उमटतात. बर्फ वितळला, म्हणजे खडे व वाळू यांचा एक छोटासा ढीग जागेवर राहतो. हाच हिमोढ होय.

असे ओरखडे महाराष्ट्रातही आहेत, हे सांगितल्यास मुलांचे कुतूहल वाढेल. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूच्या एका विशाल भूखंडाचा भाग होती. त्या काळातील बर्फाने घासलेला व ओरखडलेला चुनखडक चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई येथे एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांच्या नजरेस आला. सह्याद्रीच्या दऱ्या मात्र हिमनद्यांनी कोरलेल्या नाहीत. ते पाण्याचेच काम आहे.

गोमुखापासून खाली

आता भारताचा नकाशा लावून उत्तराखंड राज्यातील उत्तरकाशी जिल्हा दाखवावा. देवप्रयाग येथे भागीरथी व अलकनंदा यांचा संगम होतो, आणि तेथून पुढे नदीला गंगा हे नाव मिळते. भागीरथीच्या काठाने वर वर गेल्यास गोमुख येते. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर आहे. गंगोत्री हिमनदीचे हे तोंड होय. चौखंबा शिखराच्या उतारावरून निघणारी ही हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती अशा नावांच्या हिमनद्याही त्याच प्रदेशात आहेत. बर्फाच्या उंच भिंतीच्या पायथ्याशी एक गुहा असून तिच्यातून मातकट, थंडगार पाणी उसळत बाहेर पडते. पाण्याचा हा मातकट रंग म्हणजे हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ होय. गोमुखाच्या वर ६,५४३ मीटर उंचीचे शिवलिंग शिखर उभे आहे. चोहोबाजूंनी बर्फाने कोरले गेल्यामुळे त्याला असा टोकदार आकार प्राप्त झाला आहे.

गोमुखापासून खाली उतरताना प्रथम भोजबासा लागते. भूर्ज वृक्षांवरून त्याला हे नाव पडले. ज्या भूर्जपत्रांवर पूर्वी ग्रंथ लिहीत, ती याच झाडाची साल. तेथून पुढे चीडबासा, व गोमुखापासून सुमारे १८ किलोमीटरांवर गंगोत्री. या वाटेच्या दोन्ही अंगांस हिमोढांच्या लांबच लांब वरंब्यांच्या ओळी दिसतात. बर्फ एके काळी किती उंचीपर्यंत भरलेला होता, याच्या त्या खुणा होत.

गंगोत्रीजवळ नदी शुभ्र ग्रॅनाइट खडकातून उड्या घेत खाली जाते. येथे खडकाला रांजणखळगे पडले आहेत. पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात असेच रांजणखळगे आहेत. खडक निराळे, नद्या निराळ्या, परंतु गोट्यांना भोवऱ्यात फिरवून खडक कोरण्याची पाण्याची रीत एकच, हे या तुलनेने मुलांच्या ध्यानी येईल. पुढे भैरोंघाटीजवळ जाडगंगा ही नदी अतिशय खोल व अरुंद घळीतून येऊन मिळते. ही घळ पाहून काही मुले शंका घेतील, की हिमनदीची दरी रुंद असते, मग येथे ती इतकी चिंचोळी कशी? शंका योग्य आहे. बर्फ मागे हटल्यावर त्याच दरीच्या तळात पाण्याच्या नदीने आपली घळ कोरली. गव्हाणीच्या तळाला कोणी विळ्याने चीर पाडावी, तसा हा प्रकार आहे.

यानंतर धराली, मुखबा व हर्षिल ही गावे येतात. हर्षिलची उंची सुमारे २,६०० मीटर आहे. येथे दरी एकाएकी उघडते. तळ रुंद व सपाट होतो, देवदारांची दाटी दिसू लागते, आणि नदी वाळूच्या पुळणींतून अनेक फाट्यांनी विभागून वाहते. कडेचे ओहोळ उंचावरून तीव्र उताराने मुख्य दरीत उतरतात. मुख्य हिमनदीने आपली दरी खूप खोल केली. बाजूच्या लहान हिमनद्यांच्या दऱ्या तितक्या खोल झाल्या नाहीत. बर्फ वितळल्यावर त्या वरच राहिल्या. अशा दरीला लोंबती दरी म्हणतात. हर्षिलच्या पुढे 'झाला' नावाचे गाव आहे. त्या गावापासून खाली मात्र दरी पुन्हा अरुंद व खोल होते.

बर्फाची सीमा कशी कळली

आज गोमुखापाशी असलेले हिमनदीचे तोंड एके काळी या झाला गावापर्यंत, म्हणजे चाळीसेक किलोमीटर खाली होते. हे ठरविण्यासाठी भूशास्त्रज्ञांनी जुन्या हिमोढांचा माग काढला. हिमोढांतील वाळू किती काळ सूर्यप्रकाशावाचून गाडलेली आहे, हे प्रयोगशाळेत मोजता येते. अशा मोजमापांवरून बर्फाचा हा मोठा विस्तार सुमारे ६३,००० वर्षांपूर्वी सुरू झाला असावा, असे अनुमान १९९६ साली प्रसिद्ध झाले. पुढे हवामान उबदार झाले व बर्फ टप्प्याटप्प्याने मागे गेला. मधूनमधून तो थोडा पुढेही आला. परंतु एकंदर गती मागे जाण्याचीच राहिली.

माणसाने केलेल्या नोंदी फार अलीकडच्या आहेत. १८१७ साली कॅप्टन हॉजसन व हर्बर्ट हे मोजणीदार गोमुखापर्यंत पोहोचले. १९३५ साली भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे ऑडेन यांनी हिमनदीच्या तोंडाची काळजीपूर्वक मोजणी केली. त्यानंतरच्या मोजण्यांची तिच्याशी तुलना केली असता, १९३५ ते १९९६ या काळात ते तोंड सुमारे १,१४७ मीटर, म्हणजे वर्षाला सरासरी १९ मीटर मागे हटल्याचे आढळले. शाळेच्या आवारात पावलांनी १९ मीटर अंतर मोजून दाखवावे. बर्फाची एवढी लांबी दर वर्षी कमी होत गेली, हे मुलांना आकड्यापेक्षा पावलांनी अधिक चांगले समजेल.

या ठिकाणी राजा भगीरथाची कथा मुले आपण होऊन सांगतील. गंगेचा वेग पृथ्वीला सोसवणार नाही, म्हणून शंकराने तिला जटांत धरले व मग हळूहळू सोडले, ही ती कथा. शिक्षकांनी तिचा उपहास करू नये. आणि तिला शास्त्रीय पुरावा म्हणूनही मांडू नये. पर्वताच्या माथ्यावर पाणी धरून ठेवले जाते व तेथून ते बेताबेताने सुटते, हे पाहणाऱ्या लोकांनी ती कथा सांगितली, एवढे म्हटल्याने श्रद्धा व शास्त्र या दोहोंचा मान राहतो.

दरीतील माणसे

या दरीचा इतिहास म्हणजे सपाट जमिनीच्या शोधाचा इतिहास होय. जेथे दोन्ही अंगांस उभे कडे आहेत, तेथे घर बांधण्यास, शेत करण्यास व जनावरे बांधण्यास सपाट जागा मिळणे हेच मोठे भाग्य. मुखबा हे गाव नदीच्या पात्रापासून बरेच उंचावर वसले आहे. गंगोत्रीच्या मंदिराचे पुजारी याच गावचे. दिवाळीनंतर मंदिर बंद होते, गंगेची मूर्ती पालखीतून मुखब्यास येते व अक्षय्य तृतीयेस पुन्हा गंगोत्रीस जाते. गंगोत्रीचे मंदिर गुरखा सेनापती अमरसिंग थापा यांनी बांधविले. गढवालवर गुरख्यांचा अंमल १८०४ ते १८१५ पर्यंत होता. पुढे हा प्रदेश टिहरी संस्थानात राहिला, व १९४९ साली ते संस्थान भारतात विलीन झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेडरिक विल्सन नावाचा एक इंग्रज हर्षिलला येऊन राहिला. टिहरीच्या राजाकडून त्याने देवदार तोडण्याचा मक्ता घेतला. ओंडके नदीत सोडावयाचे व ते खाली सपाटीवर अडवून घ्यावयाचे, अशी त्याची रीत होती. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यास हे लाकूड उपयोगी पडले. त्यानेच या दरीत सफरचंदाची लागवड आणली. सफरचंद व राजमा ही हर्षिलची आजही प्रसिद्ध पिके आहेत. पुढे त्याचे वर्णन 'पहाडी विल्सन' या नावाने होऊ लागले. एकाच माणसाने दरीला एक पीक दिले व दरीचे अरण्य उतरविले, ही गोष्ट मुलांपुढे दोन्ही बाजूंनी ठेवावी.

जाडगंगेच्या वरच्या अंगास नेलंग व जादुंग ही गावे होती. तेथील जाड लोक तिबेटशी मीठ व लोकर यांचा व्यापार करीत. भैरोंघाटीजवळ उभ्या कड्याला लाकडी फळ्यांची वाट बसवून केलेली 'गरतांग गली' ही त्या व्यापाराची खूण आहे. १९६२ सालच्या युद्धात ही गावे रिकामी करण्यात आली, व्यापार थांबला आणि वाट ओस पडली. जाड कुटुंबे हर्षिलजवळच्या बगोरी येथे व खाली डुंडा येथे येऊन राहिली. २०२१ साली ती लाकडी वाट दुरुस्त करून प्रवाशांसाठी उघडण्यात आली.

मोटारीचा रस्ता गंगोत्रीपर्यंत गेल्यावर दरीचे रूप पालटले. यात्रेकरूंची संख्या वाढली. उपाहारगृहे, धर्मशाळा व दुकाने रस्त्याच्या कडेने उभी राहिली. रस्ता तळाच्या सपाट जागेने जातो, त्यामुळे वस्तीही तळाकडे सरकली. या दरीत निसर्गाचे तडाखे नवे नाहीत. ऑगस्ट १९७८ मध्ये कानोडिया गाड या ओढ्याने आणलेल्या राड्याने भागीरथीचा प्रवाह अडला, आणि तो बांध फुटल्यावर खाली पूर आला. २० ऑक्टोबर १९९१ रोजी भूकंपाने उत्तरकाशी जिल्ह्यात मोठी हानी केली. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचा सुमारे १०० किलोमीटरचा पट्टा पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. नदीकाठच्या बांधकामावर त्यामुळे बंधने आली; परंतु जे बांधले गेले होते, ते जागेवरच राहिले.

धराली

धराली हे गाव खीरगाड या ओढ्याच्या मुखाशी आहे. हा ओढा श्रीकंठ शिखराच्या हिमाच्छादित उतारांवरून निघून अतिशय उभ्या घळीतून खाली येतो. घळीतून बाहेर पडताच उतार एकदम कमी होतो, ओढ्याचा वेग मोडतो व त्याने आणलेले धोंडे, वाळू व माती पंख्याच्या आकारात पसरते. अशा जमिनीला पंखाकृती मैदान म्हणतात. ते सपाट असते, पाणी जवळ असते, रस्ता जवळ असतो. वस्तीस ते सोईचे वाटते. धरालीचा बाजार अशाच जागी उभा होता.

५ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी खीरगाडमधून चिखल व धोंडे यांचा प्रचंड लोंढा खाली आला. काही क्षणांत बाजारातील बहुमजली इमारती कोसळल्या व गाडल्या गेल्या. अनेक माणसे बेपत्ता झाली. समोरच्या उंचवट्यावरील मुखबा गावातून लोकांनी तो लोंढा येताना पाहिला. त्यांनी शिट्ट्या वाजविल्या, ओरडून खालच्यांना पळण्यास सांगितले. काहीजण पळाले, सर्वांना पळता आले नाही. त्याच दिवशी जवळच्या दुसऱ्या ओढ्यानेही राडा आणला, हर्षिलजवळ भागीरथीचे पात्र अडले व तेथे काही काळ पाण्याचे तळे साचले.

ढगफुटी झाली, असे प्रथम सर्वत्र सांगण्यात आले. परंतु परिसरातील पर्जन्याच्या नोंदींत त्या दिवशी तेवढा पाऊस आढळला नाही. त्यामुळे ओढ्याच्या उगमाकडे, उंचावर साचून राहिलेल्या हिमोढाच्या सैल ढिगांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. बर्फ मागे हटतो. त्याने टाकलेला राडा मात्र उतारावर तसाच पडून असतो, आणि पाण्याने भिजला की तो खाली येऊ शकतो.

धरालीत कल्पकेदार नावाचे एक प्राचीन दगडी मंदिर होते. त्याचा बराच भाग फार पूर्वी राड्याखाली गाडला गेला होता व तो खोदून मोकळा करण्यात आला होता. दर्शनास जाणारा माणूस जमिनीच्या पातळीखाली उतरून देवापाशी जात असे. २०२५ सालच्या लोंढ्यात हे मंदिर पुन्हा गाडले गेले. ओढा पूर्वी येथे येऊन गेला होता, याची साक्ष त्या पायऱ्या रोज देत होत्या. भाविक रोज त्या उतरत होते. त्यांचा अर्थ मात्र वाचला गेला नाही.

हा भाग शिकविताना गेलेल्या माणसांना दोष देण्याचा सूर येऊ देऊ नये. ज्यांना सपाट जमीन थोडी, त्यांनी मिळेल तेथे पोट भरण्याचा मार्ग शोधला. दोष द्यावयाचा नाही. जमीन वाचावयास शिकावयाचे आहे.

प्रयोग दुसरा : एक फळी भिंतीला टेकवून तिरपी ठेवावी व तिच्या पायथ्याशी सपाट जागा करावी. फळीवर मातीच्या दोन वरंब्यांमध्ये एक अरुंद वाट ठेवावी. त्या वाटेने वाळू, खडे व पाणी यांचे मिश्रण तांब्याने हळूहळू ओतावे. पायथ्याशी पंखा तयार होईल. आता मुलांना आगपेट्यांची घरे करून 'सर्वांत चांगल्या' जागी मांडण्यास सांगावे. बहुतेक मुले ती पंख्यावरच मांडतील, कारण सपाट जागा तीच असते. काही घरे बाजूच्या उंचवट्यावर शिक्षकांनी स्वतः मांडावीत. नंतर तेच मिश्रण घागरभर एकदम ओतावे. कोणती घरे राहिली व कोणती गेली, हे मुलांनीच सांगावे. शिक्षकांनी या वेळी काही बोलण्याची आवश्यकता नाही.

आपल्या गावाकडे

महाराष्ट्रात हिमनद्या नाहीत, म्हणून हा पाठ परका समजू नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ही गावे पावसाने भिजलेला डोंगर खाली येऊन गाडली गेली. तेथे बर्फ नव्हता, हिमोढ नव्हता. कारणे निराळी होती. परंतु डोंगराच्या पायथ्याची सैल माती, तिच्यात मुरणारे पाणी व तिच्या वाटेत असलेली वस्ती, एवढे सर्वत्र सारखे होते.

म्हणून तिसऱ्या तासिकेस मुलांना घेऊन गावाबाहेर जावे. ओढ्याच्या काठी उभे राहून पुराची सर्वांत उंच खूण कोठे आहे, हे पाहावे. गावातील सर्वांत जुने देऊळ व सर्वांत जुने घर ओढ्यापासून किती उंचीवर आहे व नवी घरे कोठे आहेत, याची नोंद करावी. डोंगर जवळ असल्यास पायथ्याशी पडलेले धोंडे कोनदार आहेत की गोल, हे तपासावे. गावातील वृद्धांना, ओढा पूर्वी कोठून वाहत असे, हे विचारावे. त्यांच्या तोंडून निघणारी माहिती दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. मुलांनी या सर्वांचा एक साधा नकाशा काढावा व तो शाळेच्या भिंतीवर कायम लावावा. पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या सभासदांना तो दाखविल्यास पाठाचे खरे उपयोजन होईल.

फळ्यावरील आराखडा

नदीची दरी : तळ चिंचोळा, गोटे गोल, निवडलेले, कारण पाणी तळाशी वाहते.
हिमनदीची दरी : तळ रुंद, बाजू उभ्या, राडा कोनदार व सैल, कारण बर्फ दरी भरून सरकतो.
भागीरथीची दरी : गोमुख – भोजबासा – गंगोत्री – भैरोंघाटी – धराली व मुखबा – हर्षिल – झाला.
पंखाकृती मैदान : ओढ्याचा वेग मोडतो तेथे तयार झालेली सपाट जमीन.

प्रश्न

१. गोमुखाच्या पाण्याला मातकट रंग कशामुळे येतो?
२. भैरोंघाटीजवळ दरी अरुंद व हर्षिलजवळ रुंद का आहे?
३. हिमनदी पूर्वी झाला गावापर्यंत होती, हे कशावरून ठरविले?
४. मुखबा व धरालीचा बाजार यांच्या जागांची तुलना करा.
५. कल्पकेदार मंदिराच्या पायऱ्यांवरून कोणते अनुमान काढता आले असते?
६. आपल्या गावातील शाळा ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन कोणी तयार केली असावी? कारणे द्या.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. काही वेळा ते शिक्षकांनाही ठाऊक नसेल. तसे असल्यास त्यांनी मुलांपुढे ते मोकळेपणाने मान्य करावे व त्यांच्याबरोबर शोधावयास निघावे. भागीरथीच्या दरीपर्यंत जाऊन आलेला पाठ शाळेच्या जोत्यापाशी येऊन थांबला, म्हणजे तो पूर्ण झाला असे समजावे.